पहिल्या धुण्यानंतरचा टी-शर्ट

कपड्यांच्या दुकानात गल्ल्यापाशी नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो. त्याच्याखाली पाचशेची खरी नोट निस्तेज, विझल्यासारखी दिसते. त्याच दिव्याखाली कोरा पांढरा टी-शर्ट धरला, तर बहुतेक वेळा तो निळसर झगमगतो. नोटेच्या कागदात चकाकी आणणारं रसायन नसतं, टी-शर्टमध्ये असतं. कापसाचा मूळ रंग सायीसारखा, किंचित पिवळट. हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच केल्यावर तो पांढरा होतो, पण डोळ्यांत भरावा इतका नाही. शेवटची झळाळी आणतो तो 'ऑप्टिकल ब्राइटनर'. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घ्यायचे आणि निळसर उजेडाच्या रूपात परत टाकायचे, एवढंच त्याचं काम. आपल्या आज्यांनी शेवटच्या पाण्यात नीळ घालून धोतरं पांढरी केली, त्याचाच हा कारखान्यातला वारसदार.

यात फसवणूक काही नाही. घरच्या धुण्याच्या पावडरीतही बहुधा हे रसायन असतं. पण खरेदीला निघालेल्या माणसाने त्यातून एक गोष्ट ओळखावी. दुकानात डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं ते बरंचसं फिनिशिंग असतं. शुभ्रपणा ब्राइटनरचा, मऊपणा सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा, सरळपणा इस्त्रीचा आणि ताठपणा आत घातलेल्या पुठ्ठ्याचा. सूत कसलं आहे, वीण कशी आहे, शिवण टिकेल का, हे दोन-तीन धुण्यांनंतर उघड होतं. तोवर पावती हरवलेली असते. म्हणून प्रश्न असा, की ते तिसरं धुणं दुकानातच कितपत वाचता येईल?

बऱ्यापैकी येतं. आधी हा कपडा मुळात काय आहे ते पाहू.

टी-शर्ट हा बनियनचा थोरला भाऊ. जुन्या मराठी घरांत बनियनला 'गंजीफ्रॉक' म्हणत. त्यातला 'गंजी' आला इंग्लिश खाडीतल्या ग्वेर्न्सी बेटावरून. तिथले विणलेले सदरे खलाशी अंगात घालत. अमेरिकी नौदलातही टी-शर्ट आला तो गणवेशाच्या आतून घालायचा कपडा म्हणूनच. १९५१ च्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या चित्रपटात मार्लन ब्रँडो नुसत्या टी-शर्टवर वावरला आणि आतला कपडा उजळ माथ्याने बाहेर आला. वंशावळ सांगायचं कारण असं, की टी-शर्टचं कापड शर्टाच्या कापडाहून वेगळ्या जातीचं आहे. इचलकरंजीच्या मागावर उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात, तिथे ताणा-बाणा असतो. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं टाक्यांचं. थंडीत सुया घेऊन बसलेली आजी ज्यांना 'सुलट' आणि 'उलट' म्हणते, तेच हे टाके, फक्त केसासारख्या बारीक सुतात आणि गोल फिरणाऱ्या मशीनवर घातलेले. टी-शर्ट डोळ्यांजवळ धरला, की बाहेरच्या बाजूला बारीक बारीक 'व्ही'च्या उभ्या ओळी दिसतात. त्या सुलट बाजूच्या. आतून दिसतात त्या अर्धगोल कमानी उलट बाजूच्या. आणि गळ्याची पट्टी असते एक सुलट, एक उलट, म्हणजे स्वेटरच्या काठाची वीण. या उभ्या ओळी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांचंच काम आहे.

आता सूत. लेबलवर '१००% कॉटन' असं लिहिलेलं असतं आणि पुष्कळ गिऱ्हाइकं तिथेच समाधान पावतात. पण ते वाचणं म्हणजे भाताच्या पातेल्यावर '१००% तांदूळ' वाचण्यासारखं आहे. आंबेमोहोर की रेशनचा, ते कळत नाही. कापसात फरक पडतो तो मुख्यतः तंतूच्या लांबीने. विदर्भात-मराठवाड्यात पिकणाऱ्या बऱ्याचशा कापसाचा तंतू २८ ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. 'सुविन' या भारतीय वाणाचा ३८ मिलिमीटरच्या आसपास जातो. सुजाता आणि सेंट व्हिन्सेंट या दोन जातींचा हा संकर कोइमतूरला झाला, १९७४ मध्ये लागवडीला आला, आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव पडलं. तंतू जितका लांब, तितकी सुतात त्याची टोकं कमी. टोकं कमी, तर अंगावर लव कमी, आणि लव कमी तर गोळे कमी.

आखूड तंतू काढून टाकायचीही सोय आहे. 'कोंब्ड' म्हणजे अक्षरशः विंचरलेलं सूत. कापूस बारीक दातांच्या फणीतून जातो आणि वजनाचा १५ टक्क्यांच्या आसपास भाग आखूड तंतू म्हणून बाजूला पडतो. न विंचरलेलं ते 'कार्डेड'. दुसरा भेद कातण्याचा. 'रिंग-स्पन' सुताला सावकाश, नीट पीळ बसतो आणि ते मऊ व बळकट होतं. 'ओपन-एंड' सूत झपाट्याने आणि स्वस्तात निघतं, पण हाताला कोरडं, खरखरीत लागतं. प्रचाराच्या रॅलीत किंवा मॅरेथॉनमध्ये फुकट मिळणारे सुती टी-शर्ट आठवावेत. त्यांतले बरेच या जातीचे. लेबलवर 'कोंब्ड रिंग-स्पन' असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर ती साध्या 'कॉटन'पेक्षा बरीच मोठी माहिती आहे.

'सुपिमा', 'गिझा', 'इजिप्शियन' ही नावं मात्र जरा सबुरीने घ्यावीत. सुपिमा हा अमेरिकेत पिकणाऱ्या पिमा कापसाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे, त्यामुळे तिथे निदान कुणीतरी विचारणारं आहे. 'इजिप्शियन' या शब्दाचं तसं नाही. २०१६ साली टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीने एका भारतीय पुरवठादाराशी संबंध तोडले, कारण इजिप्शियन कापसाच्या म्हणून विकलेल्या चादरी तपासणीत तशा निघाल्या नाहीत. एवढी मोठी साखळी चकली, तर फुटपाथवरच्या किंवा ॲपवरच्या नावाचा किती भरवसा धरायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं. तंतू कुठला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. सूत कसं कातलंय, ते बरंचसं येतं.

त्यासाठी टी-शर्ट दुकानाच्या दारात आणावा. दुकानातल्या दिव्यांपेक्षा बाहेरच्या उजेडात वीण स्पष्ट दिसते. एक पदर दोन्ही हातांनी उजेडाकडे धरावा. वीण सगळीकडे सारखी दिसली तर सूत एकसारखं. कुठे दाट, कुठे विरळ, ढगाळल्यासारखं दिसलं, आडव्या रेघा दिसल्या, तर सुताची जाडी कमी-जास्त आहे. मग पदराची घडी काळ्या बॅगेसमोर धरून तिच्या कडेकडे पाहावं. कडेवर उभी राहिलेली लव तिथे स्पष्ट दिसते. लव अजिबात नसेल तरी लगेच हुरळून जाऊ नये. 'बायो-वॉश' नावाच्या प्रक्रियेत सेल्युलेज हे एन्झाइम कापडावरची लव खाऊन टाकतं. प्रक्रिया चांगलीच आहे, फक्त ती अती झाली तर कापड कमजोर होतं. त्यामुळे गुळगुळीतपणाचं श्रेय सुताला द्यायचं की एन्झाइमला, हे पुढे धुण्यावर सोपवावं.

उजेडात आणखी एक गोष्ट सापडते, आणि तिचा धागा थेट यवतमाळ-वर्ध्याच्या शेतात जातो. वेचलेला कापूस पुष्कळदा खताच्या प्लास्टिक पोत्यांत भरला जातो. पोत्याचे निळे-पिवळे तंतू, सुतळीची कुसळं, कधी माणसाचे केस त्यात मिसळतात. सूतगिरण्या ते वेचायला यंत्रं लावतात, तरी काही निसटतातच. गडद रंगाच्या कपड्यात ते झाकले जातात. पांढऱ्या टी-शर्टमध्ये ते छातीच्या मधोमध निळ्या कुसळासारखे बसतात आणि कितीही धुतलं तरी जात नाहीत. याच्या उलटही आहे. अपक्व कापसाच्या बारीक गाठी रंग नीट धरत नाहीत, म्हणून काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि पांढऱ्यात बेमालूम लपतात. पांढऱ्यात सगळं उघडं पडतं हा समज अर्धाच खरा आहे.

यानंतर जाडी, म्हणजे सध्या ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेला 'जीएसएम'. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या निटिंगवाल्यांकडे त्यासाठी गोल कटर असतो. तो बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतो, ती काट्यावर ठेवायची आणि आलेल्या आकड्याला शंभराने गुणायचं. १४० ते १६० म्हणजे हलका टी-शर्ट, १८० ते २०० मध्यम, २२० च्या वर जड. पांढऱ्यात १६० च्या खाली गेलं, की आतलं दिसण्याची शक्यता वाढते. मात्र जीएसएम हे वजनाचं माप आहे, दर्जाचं नव्हे. ओपन-एंड सुताचा २४० चा टी-शर्ट ताडपत्रीसारखा असतो आणि मे महिन्यात डोंबिवली लोकलमध्ये तो घालणाऱ्याची दया यावी. कोंब्ड सुताचा १८० चा तिथे सुखाचा.

कटर घरी कुणाकडे नसतो, पण स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो. मध्यम मापाच्या पुरुषी टी-शर्टला साधारण ०.९ चौरस मीटरच्या जरा आत कापड लागतं. तेवढ्या हिशेबाने वजन १३० ग्रॅमच्या आसपास भरलं तर कापड १५० जीएसएमच्या जवळचं, १६० ग्रॅम भरलं तर १८० च्या, आणि २१० ग्रॅम भरलं तर २४० च्या. माप मोठं, बाही लांब, तर हिशेब तसा वाढवायचा. ऑनलाइन मागवलेल्या '२२० जीएसएम'चं वजन १५० ग्रॅम भरलं, तर परत पाठवण्याइतका पुरावा हातात आहे. (कापूस हवेतला ओलावा धरतो. मुंबईच्या जुलैमध्ये पाच-सहा ग्रॅम जास्त भरले, तर कंपनीला श्रेय देऊ नये.)

आत काय दिसतं याची परीक्षा सोपी आहे. हात टी-शर्टमध्ये घालून एक पदर हातावर ताणावा. बोटांचा आकार जाणवला तर चालेल, नखं मोजता आली तर नाही. पुष्कळांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की पांढऱ्याच्या आत पांढरं बनियन जास्त उठून दिसतं. त्वचेच्या रंगाला जवळचं घातलं तर जवळपास दिसत नाही.

आता त्या उभ्या ओळींकडे. स्वस्त टी-शर्टची सगळ्यांत सार्वत्रिक तक्रार म्हणजे पीळ. पहिल्या धुण्यानंतर बगलेखालची शिवण फिरते आणि पोटावर येते. आरशात माणूस सरळ आणि टी-शर्ट तिरका. याचं मूळ सुताच्या पिळात आहे. एकेरी सुताला कातताना दिलेला पीळ पाणी लागलं की उलगडू पाहतो आणि प्रत्येक टाका थोडा कलतो. हजारो टाके एकाच दिशेला कलले, की सगळं कापडच तिरकं होतं. कारखान्यात ते कापड ओलं ताणून, वाफेवर सरळ करून वाळवता येतं. दुकानात ते सरळ दिसतं ते त्यामुळे. घरच्या बादलीत गेलं, की ते आपल्या मूळ स्वभावावर येतं.

दुकानात याची चाहूल लागते, पण जरा चिकाटी हवी. मोबाइलचा कॅमेरा झूम करून खालच्या काठापासून 'व्ही'ची एक उभी ओळ बाजूच्या शिवणीला लागून धरावी आणि वर जावं. वीतभर अंतरात ओळ शिवणीपासून बोटभर सरकली, तर कापड आधीच तिरकं कापलेलं आहे आणि धुतल्यावर आणखी फिरेल. ओळ आणि शिवण हातात हात घालून बगलेपर्यंत गेल्या, तर चिन्ह चांगलं. खात्री मात्र धुतल्यावरच.

काही टी-शर्टना बाजूची शिवणच नसते. कापड मशीनवरून नळीसारखं येतं, तसंच वापरलेलं असतं. स्वस्त मालात हे शिलाई वाचवायला करतात. पण जगातल्या काही अतिमहाग टी-शर्टनाही शिवण नसते. जपानच्या वाकायामात आणि जर्मनीत काही जुनी गोल मशीनं अजून चालतात, त्यांना 'लूपव्हील' म्हणतात. ती कापड ओढून न घेता त्याच्याच वजनाने सावकाश खाली सोडतात, तासाला जेमतेम मीटरभर. 'द बेअर' या अमेरिकी मालिकेतल्या आचाऱ्याच्या अंगातला बहुचर्चित पांढरा टी-शर्ट 'मेर्त्स बे. श्वानेन' या जर्मन कंपनीचा, याच घराण्यातला. तेव्हा शिवण नाही म्हणून वाईट, किंवा शिवण नाही म्हणून खास, असे दोन्ही निष्कर्ष फसवे.

टी-शर्ट म्हातारा होतो तो गळ्यापासून. गळ्याची पट्टी दोन्ही हातांनी डोकं आत जाईल इतकी ताणावी, सोडावी आणि पाच मोजावेत. ती पहिल्या मापाला आली तर ठीक. कडा लाटांसारखी राहिली, तर चार महिन्यांत गळा लोंबणार. पट्टीत थोडं लायक्रा असेल तर ती पुष्कळ दिवस तग धरते. अंगाच्या कापडाला 'कॉटन' आणि फक्त पट्टीला पाच टक्के लायक्रा, ही तडजोड चांगली. अंगभर लायक्रा असलेला पांढरा टी-शर्ट क्लोरीनच्या ब्लीचने पिवळा पडतो, हे घेणाऱ्याने आधीच लक्षात घ्यावं.

मग टी-शर्ट सरळ उलटा करावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. गळ्याच्या मागे एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत शिवणीवर पट्टी लावलेली आहे का? ती असेल तर ओव्हरलॉकची शिवण मानेला घासत नाही आणि खांदा ताणून उतरत नाही. फक्त मानेमागे चार बोटं पट्टी असेल, तर तो निम्मा खर्च आहे. खांद्याच्या शिवणीत पारदर्शक रबरी पट्टी किंवा कापडाची पट्टी आहे का, तेही पाहावं. काठ आणि बाह्या दोन सुयांच्या असाव्यात, बाहेरून दोन समांतर रेघा, आतून जाळी. इंचात दहा-बारा टाके हवेत. सात-आठच असतील तर मशीन घाईत चाललं होतं. बगलेच्या चौकात, जिथे चार शिवणी भेटतात, त्या एकमेकींसमोर येतात का, हे सगळ्यांत बोलकं ठिकाण. कारागिराला वेळ दिला होता की नाही, ते तिथे कळतं.

तिरुपूरचा उल्लेख आलाच आहे, तर तिथली एक गोष्ट. भारतात विकल्या जाणाऱ्या टी-शर्टपैकी फार मोठा वाटा तिथून येतो. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून तिथले रंगाईचे आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करायला लावले. पुढे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायचं, बाहेर थेंब सोडायचा नाही, या अटीवर ते सुरू झाले. पांढऱ्या टी-शर्टला रंग लागत नाही म्हणून तो निरुपद्रवी, असं समजणाऱ्यांनी ब्लीचिंगचं हे पाणी हिशेबात धरावं. फार स्वस्त टी-शर्टच्या किमतीत त्या पाण्याचा खर्च बसवायचा म्हणजे कुठेतरी काटकसर झालेली असते.

आता घरची परीक्षा. एकाच वेळी सहा टी-शर्ट घेण्याचा मोह आवरावा आणि एकच आणावा. धुण्याआधी तो वर्तमानपत्रावर सपाट पसरून भोवती पेन्सिल फिरवावी आणि कागद जपून ठेवावा. मग घरात जसं धुतात तसंच तीन वेळा धुवावं. जास्त जपून धुतलं तर परीक्षा खोटी होते. तीन धुण्यांनंतर तो त्याच रेघेवर ठेवावा. सत्तर सेंटिमीटर लांबीत साडेतीन सेंटिमीटर आटला, तर ते पाच टक्के झाले. त्याहून जास्त आटला आणि रुंदीला फुगला, तर कारखान्यात कापड लांबीला ताणलेलं होतं. शिवण किती फिरली तेही रेघेवरून दिसतं. सॉफ्टनर गेल्यावर कापड हाताला कसं लागतं, हे आता खरं.

पाण्याचा एक थेंबही टाकून पाहावा. चांगला सुती टी-शर्ट थेंब लगेच पितो. थेंब मण्यासारखा राहिला, तर सॉफ्टनर अजून बाकी आहे किंवा पॉलिएस्टर मिसळलेलं आहे. पॉलिएस्टरचा संशय असेल तर आतल्या शिवणीतला धागा न काढता कापडाच्या कडेचं सूत घ्यावं, कारण शिवायचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. चिमट्यात धरून ते सूत जाळावं. कापूस कागदासारखा जळतो आणि राखाडी भुकटी होते, पॉलिएस्टर वितळून काळा, कडक मणी होतो. मिश्र कापडावर आलेले गोळे झडतही नाहीत, कारण पॉलिएस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो.

बगलेतले पिवळे डाग टी-शर्टच्या माथी मारू नयेत. अँटिपर्स्पिरंटमधलं ॲल्युमिनियम आणि घाम यांचं ते संगनमत असतं. अंगात घालण्याआधी ते लावलेलं सुकू दिलं तर बराच फरक पडतो. वाळत घालताना खांद्याला चिमटे लावू नयेत. दांडीवर पोटाशी दुमडून टाकावा, म्हणजे ओल्या कापडाचं वजन गळ्याला ओढत नाही. कडक उन्हात दिवसभर ठेवल्यास ब्राइटनर लवकर उतरतो आणि शुभ्र टी-शर्ट सायीच्या रंगाकडे परत निघतो, म्हणजे कापसाच्या मूळ रंगाकडे.

तिसऱ्या धुण्यात पास झालेला टी-शर्ट घेऊन त्याच दुकानात जावं आणि बाकीचे पाच घ्यावेत, पण डोळे मिटून नाही. ब्लीच प्रत्येक घाण्याला थोडं वेगळं लागतं, म्हणून दोन लॉटचे पांढरे जुळत नाहीत. एकात निळी झाक, दुसऱ्यात पिवळी. पाचही दारातल्या उजेडात एकमेकांवर ठेवून पाहावेत आणि जो वेगळा दिसेल तो बदलून मागावा.